घरच्या कॉम्प्युटरला कोणता डिस्क राइटर चालेल? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर इथून व्हॉट्सअ‍ॅपवर आणि दुकानाच्या काउंटरवर डिस्क राइटरबद्दल, म्हणजे सीडी-डीव्हीडी वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या ड्राइव्हबद्दल, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी आणले आहेत. सोप्यापासून सुरुवात आहे, पुढे पुढे अडनिडे प्रकार येतात. तेच तेच सांगणं नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर २, ३ आणि ११ एवढे तरी वाचाच.

१. पेन ड्राइव्ह आणि क्लाउड असताना डिस्क राइटर आता घेतं कोण?

घेतात की. सगळ्यात जास्त विचारणा लग्न-मुंजीच्या डीव्हीडींसाठी असते. फोटोग्राफरने तेव्हा दिलेली डिस्क कपाटात आहे आणि घरातल्या नव्या लॅपटॉपला ती घालायला जागाच नाही. त्याखालोखाल एमआरआय-सीटी स्कॅनच्या सीडी, मराठी नाटकांच्या व्हीसीडी आणि वकिलांनी 'डिस्कवर आणून द्या' म्हणून सांगितलेली रेकॉर्डिंग. एखादीच डिस्क एकदाच वाचायची असेल तर विकत घेऊ नका, सोसायटीत विचारा. कुणाच्या तरी जुन्या डेस्कटॉपला ड्राइव्ह असतोच. अधूनमधून लागणार असेल तर मात्र स्वतःचा बरा.

२. निवड करताना सुरुवात कुठून करायची?

शेवटच्या टोकापासून. तयार झालेली डिस्क कुठे चालणार आहे, हे आधी ठरवा. आजोबांच्या जुन्या डीव्हीडी प्लेयरवर, गाडीतल्या सीडी प्लेयरवर, कोर्टातल्या कॉम्प्युटरवर की फक्त तुमच्याच घरी? त्यावरून डिस्कचा प्रकार ठरतो, डिस्कवरून राइटर ठरतो, आणि मग तो राइटर तुमच्या कॉम्प्युटरला कसा जोडायचा हे बघायचं. बहुतेक जण उलटे येतात. आधी ऑनलाइन काहीतरी मागवतात आणि मग 'चालत नाही' म्हणून फोन करतात. मधल्या कुठल्याही एका सांध्यात मेळ बसला नाही तर ड्राइव्ह कितीही महागाचा असो, डिस्क उघडत नाही.

३. माझ्या कॉम्प्युटरला इंटरनल राइटर बसेल की एक्स्टर्नलच घ्यावा लागेल?

डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला सव्वापाच इंची खाच आहे का ते पाहा. ती साधारण १४.६ सेंटीमीटर रुंद आणि ४ सेंटीमीटर उंच असते, वर प्लास्टिकचं झाकण असतं. अलीकडे पुढे काच किंवा जाळी असलेल्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये ही खाच ठेवलेलीच नसते. तसं असेल तर विषय संपला, एक्स्टर्नल घ्या.

खाच असेल तर बाजूचं पॅनेल उघडून तीन गोष्टी बघा. मदरबोर्डवर साटा (ड्राइव्ह जोडायची आजची पद्धत) डेटाचा एक सॉकेट मोकळा हवा, एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) येणारा साटा पॉवरचा चपटा कनेक्टर मोकळा हवा आणि डेटा केबल हवी. केबल ड्राइव्हच्या खोक्यात असेलच असं नाही. पॉवर कनेक्टर शिल्लक नसेल तर जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारा जोड मिळतो. पण तारा प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेले स्वस्त जोड तापून जळल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे तारा वेगळ्या दिसणारा, दाबून बसवलेला जोड घ्या.

लॅपटॉपमधला ड्राइव्ह बदलायचा असेल तर जाडी मोजा. जुन्यांत १२.७ मिलिमीटर, नंतरच्यांत ९.५ मिलिमीटर. जाड ड्राइव्ह बारीक खणात जात नाही. शिवाय लॅपटॉपच्या ड्राइव्हचा पॉवर कनेक्टर डेस्कटॉपपेक्षा लहान असतो, त्यामुळे एकाचा ड्राइव्ह दुसऱ्यात थेट लागत नाही. पुढची पट्टीही प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. जुन्या ड्राइव्हची पट्टी काढून नव्याला लावावी लागते, आणि ती काढताना खटके हमखास तुटतात. सावकाश.

आमचं मत विचाराल तर वर्षभरात मोजक्याच डिस्क करणाऱ्या घराला यूएसबीवर चालणारा एक्स्टर्नल डीव्हीडी राइटर पुरतो. कॉम्प्युटर बदलला तरी तो टिकतो आणि शेजाऱ्यांना देता येतो. रोज ढिगाने डिस्क करणाऱ्या फोटो स्टुडिओने मात्र इंटरनलच घ्यावा.

४. सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे... एकच राइटर सगळं करतो का?

वरचा खालच्याचं काम करतो, खालचा वरच्याचं नाही. तिन्हींचे लेझर वेगळे: सीडीचा ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० आणि ब्लू-रेचा ४०५. त्यामुळे डीव्हीडी राइटर सीडीही लिहितो, पण ब्लू-रे त्याला दिसतच नाही, आणि कोणतंही सॉफ्टवेअर घालून ते जमणार नाही. ब्लू-रे राइटर सहसा तिन्ही प्रकार वाचतो आणि लिहितो.

सीडीत ७०० एमबी मावतं, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी, डबल लेयर डीव्हीडीत ८.५ जीबी, ब्लू-रेत २५ किंवा ५० जीबी आणि बीडीएक्सएल या जास्त थरांच्या ब्लू-रेत १०० किंवा १२८ जीबी. विंडोज ४.७ जीबीच्या डिस्कवर ४.३८ जीबीच जागा दाखवतं. त्यात फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

सेकंड हँड घेताना 'कॉम्बो' शब्दाकडे लक्ष द्या. कॉम्बो ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो, पण लिहितो फक्त सीडी. आणि पट्टीवर 'डीव्हीडी-रॉम' असेल तर तो काहीच लिहीत नाही.

५. कोऱ्या डीव्हीडीवर 'मायनस आर' आणि 'प्लस आर' लिहिलेलं असतं. कुठली घ्यायची?

राइटरच्या दृष्टीने फरक नाही, आजचे सगळे ड्राइव्ह दोन्ही लिहितात. हे कंपन्यांच्या दोन गटांचं जुनं भांडण आहे. मायनस आर १९९७मध्ये आली, प्लस आर २००२मध्ये. फरक पडतो तो वाचणाऱ्या यंत्राला. खूप जुना डीव्हीडी प्लेयर असेल तर मायनस आर चालण्याची शक्यता जास्त. प्लस आर वापरायचीच असेल तर काही ड्राइव्हमध्ये 'बुक टाइप' (डिस्कवर नोंदलेला तिचा प्रकार) बदलून डिस्क स्वतःला डीव्हीडी-रॉम म्हणवून घेते आणि हट्टी प्लेयर फसतो. हा पर्याय इमगबर्नसारख्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, पण ड्राइव्हने साथ दिली तरच.

पुन्हा पुन्हा पुसून लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क कुणाला द्यायच्या कामासाठी वापरू नका. त्यांवरून परत येणारा प्रकाश मंद असतो आणि बरेच जुने प्लेयर त्या ओळखत नाहीत. गाडीतल्या प्लेयरचंही तेच. तिथे साधी सीडी-आर घ्या.

६. यूएसबी राइटर लावला की लाइट लागते, पण डिस्क लिहिताना मध्येच बंद पडतो. बिघडला का?

बहुतेक वेळा नाही, वीज कमी पडते. यूएसबी २.० च्या पोर्टची नेमलेली मर्यादा ५०० मिलिअँपियर, ३.० ची ९००. डिस्क फिरायला लागते तेव्हा आणि लेझर लिहीत असताना मागणी एकदम वाढते. आधी हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा जोड) काढा आणि राइटर थेट कॉम्प्युटरला लावा, डेस्कटॉप असेल तर पुढच्या नव्हे, मागच्या पोर्टला. लांबलचक एक्स्टेंशन केबल नको. दोन यूएसबी टोकं असलेली वाय केबल खोक्यात आली असेल तर दोन्ही टोकं लावा. हे सगळं करूनही बंद पडला किंवा टकटक आवाज येत राहिला तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लावून बघा आणि मगच दुकानात या.

७. माझ्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट आहे.

टाइप-सी टोकाचा राइटर घ्या, किंवा साधा राइटर आणि टाइप-सी ते यूएसबी-ए असा छोटा अ‍ॅडॉप्टर. दोन्ही चालतं. अ‍ॅडॉप्टर डेटा नेणारा हवा, मोबाइलच्या नुसत्या चार्जिंगचा नको. बाकी विजेचं गणित ६ मध्ये.

८. मॅक किंवा लिनक्सवर वेगळा राइटर लागतो का?

नाही, कुठलाही साधा यूएसबी राइटर चालतो. ड्रायव्हर घालावा लागत नाही. मॅकवर फाइंडरमधूनच डिस्क बर्न होते, म्हणजे लिहिली जाते, लिनक्सवर ब्रासेरो किंवा के३बी आहे. अपवाद उलट्या बाजूचा आहे. अ‍ॅपलचा स्वतःचा सुपरड्राइव्ह विंडोजच्या मशीनवर सरळ चालत नाही आणि मॅकलाही तो हबशिवाय थेट लावावा लागतो. कुणी स्वस्तात देत असेल आणि तुमच्याकडे विंडोज असेल तर हात जोडा.

९. २४एक्सवाला घेऊ की ८एक्सवाला? जास्त वेगाने डिस्क खराब होते म्हणतात.

आधी हे 'एक्स' म्हणजे काय ते बघा. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, डीव्हीडीचा सुमारे १.३८ एमबी, ब्लू-रेचा ४.५ एमबी. म्हणून डीव्हीडीचा ८एक्स सीडीच्या ५२एक्सपेक्षाही जास्त डेटा नेतो. पातळ एक्स्टर्नल राइटर साधारण ८एक्सने डीव्हीडी लिहितात. म्हणजे भरलेली डिस्क आठ-दहा मिनिटांत. घरासाठी याहून घाई कशाला?

'जितकं हळू तितकं चांगलं' हे मात्र अर्धसत्य आहे. १६एक्ससाठी बनवलेली डिस्क अगदी तळाच्या वेगाने लिहिली की चांगली येईलच असं नाही. डिस्कवर छापलेल्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. आणि लिहून झाल्यावर 'व्हेरिफाय' करा, म्हणजे डिस्कवरचं मूळ फाइलींशी जुळतं का ते सॉफ्टवेअरकडून तपासून घ्या. वेग कमी करून मिळतो त्यापेक्षा जास्त भरवसा त्याने मिळतो.

१०. घरी जुना पेंटियम आहे, पट्ट्यासारखी रुंद केबल असलेला. त्याचा राइटर गेला, आता काय?

ती ४० पिनांची आयडीई केबल. तसे नवे राइटर आता दुकानात नसतात. दोन वाटा आहेत: सेकंड हँड आयडीई ड्राइव्ह शोधा, किंवा साटा ड्राइव्ह आयडीईला जोडणारा छोटा कन्व्हर्टर लावा. जुना ड्राइव्ह घेतलात तर मागच्या जंपरवर (पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोपीने) मास्टर-स्लेव्ह, म्हणजे पहिला-दुसरा ड्राइव्ह, नीट लावा, एकाच केबलवर दोन मास्टर झाले की दोन्ही गायब होतात. त्या मशीनला यूएसबी असली तरी तिथून विंडोज बूट होईलच असं नाही, म्हणून इन्स्टॉलेशनसाठी हवा असेल तर आतलाच बरा.

११. डिस्क माझ्याकडे उघडते, दुसऱ्याकडे उघडत नाही. राइटर बदलू का?

थांबा. दोष बहुधा राइटरचा नसतो. आम्हाला येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात मोठी, आणि कारणं ठरलेली असतात.

पहिलं कारण विंडोजच्या एका चौकटीत आहे. कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, डिस्क यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी/डीव्हीडी प्लेयरसाठी? लोक पहिला पर्याय तसाच दाबतात. त्याने डिस्क तुमच्या कॉम्प्युटरवर छान चालते, प्लेयरवर आणि जुन्या मशीनवर अडते. कुणाला द्यायची असेल तर नेहमी दुसरा पर्याय.

दुसरं, डिस्क फायनलाइज, म्हणजे लिहून झाल्यावर बंद, केलेली नसते. बंद न केलेली डिस्क लिहिणारा ड्राइव्ह वाचतो, इतरांना ती रिकामी दिसते. हँडीकॅममधल्या ८ सेंटीमीटरच्या छोट्या डीव्हीडींचं तर हे नेहमीचंच. हँडीकॅम चालू असेल तर त्यातच फायनलाइज करा. आणि त्या छोट्या डिस्क ट्रेवाल्याच ड्राइव्हमध्ये घाला, फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्या अडकतात.

तिसरं, मोबाइलचे एमपी४ व्हिडिओ डीव्हीडीवर तसेच ओतले म्हणजे डीव्हीडी पिक्चर होत नाही. जुन्या प्लेयरला एमपेग-२ मधला, 'व्हिडिओ टीएस' फोल्डरच्या रचनेतला व्हिडिओ हवा असतो. डीव्हीडी स्टायलरसारखं मोफत सॉफ्टवेअर हे करून देतं. गाण्यांचंही तसंच: एमपी३ फाइल टाकलेली सीडी आणि ऑडिओ सीडी या दोन वेगळ्या गोष्टी. जुन्या गाडीला ऑडिओ सीडीच लागते, आणि तीत ८० मिनिटांचीच गाणी मावतात.

एवढं तपासूनही अडलं तर डिस्कचा ब्रँड बदलून बघा. ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ओळखीच्या डिस्कसाठी लिहिण्याच्या सूचना साठवलेल्या असतात. अनोळखी स्वस्त डिस्कवर तो अंदाजाने लिहितो.

१२. हॉस्पिटलने दिलेली एमआरआयची सीडी उघडते, पण चित्रं दिसत नाहीत.

राइटर ठीक आहे. त्या सीडीवर डायकॉम प्रकारच्या फाइल असतात, साध्या फोटोंसारख्या त्या उघडत नाहीत. सीडीवरच बहुधा एक व्ह्यूअर दिलेला असतो आणि तो विंडोजवरच चालतो. मॅकवर होरोससारखं डायकॉम दाखवणारं सॉफ्टवेअर घाला. दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायची असेल तर निवडक फाइल नको, पूर्ण सीडी जशीच्या तशी कॉपी करा. नावं आणि फोल्डर बदलले की व्ह्यूअर गोंधळतो. मूळ सीडी मिळाली त्याच दिवशी हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा.

१३. विंडोज अपडेटनंतर ड्राइव्हच गायब झाला. 'कोड १९' दिसतं.

हार्डवेअर सहसा शाबूत असतं. डिस्क बर्न करणारं एखादं सॉफ्टवेअर नीट उतरवलं गेलं नाही की रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' अशा दोन नोंदी मागे राहतात आणि ड्राइव्ह अडतो. सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या विभागातल्या त्या दोन नोंदी काढून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की ड्राइव्ह परत दिसतो. आधी रजिस्ट्रीची प्रत घ्या, आणि हात सवयीचा नसेल तर जाणत्याला बसवा. शेजारच्याच विभागातली नोंद उडाली तर विंडोज सुरूच होणार नाही.

१४. विंडोज ११ मध्ये डीव्हीडी पिक्चर लागत नाही.

विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी दाखवायची सोय विंडोजसोबत द्यायची थांबवली. व्हीएलसी घाला, फुकट आहे, नाटकांच्या व्हीसीडीही त्यावर दिसतात. परदेशातून आणलेल्या डीव्हीडीला रीजन (देशांप्रमाणे पाडलेला विभाग) आडवा येतो. भारताचा रीजन ५, आणि ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो. पाचव्यांदा जो लावाल तो कायमचा. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेल्या एका डिस्कसाठी तो खर्च करू नका.

१५. ब्लू-रे राइटर घेतला तर ब्लू-रे पिक्चर दिसतील ना?

आपोआप नाही. त्यांना कॉपीविरोधी कुलूप असतं आणि ते उघडणारं परवानाधारक सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं. नुसत्या व्हीएलसीने भागत नाही. फोर-के ब्लू-रेचं तर अजूनच अवघड. त्या सॉफ्टवेअरला इंटेलचं एसजीएक्स (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) लागतं, आणि इंटेलने ते ११व्या-१२व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढलं. म्हणजे नवा, ताकदवान कॉम्प्युटर इथे जुन्यापेक्षा कमी कामाचा. पिक्चरसाठी टीव्हीला जोडायचा ब्लू-रे प्लेयर घ्या. राइटर घ्यायचा तो डेटा साठवायला.

१६. घरचे फोटो वर्षानुवर्षं टिकवायचे आहेत. डिस्क भरवशाची का? आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते.

खाडीकाठच्या दमट हवेत हा प्रश्न अगदी रास्त आहे. साध्या सीडी-आर आणि डीव्हीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा थर असतो. ऊन, उष्णता आणि ओल यांनी तो हळूहळू बिघडतो. त्यात सीडीचा थर वरच्या, छापील बाजूला अगदी लागून असतो, म्हणून वरून पडलेला ओरखडा खालच्यापेक्षा घातक. डीव्हीडीत थर दोन प्लास्टिकच्या मधोमध सुरक्षित असतो, ब्लू-रेत तो वाचणाऱ्या पृष्ठभागाच्या जवळ, पण वर कठीण लेप असतो.

जास्त टिकण्यासाठी एम-डिस्क बनवली गेली, तिचा थर रंगद्रव्याचा नसतो. डीव्हीडी एम-डिस्क लिहायला ड्राइव्हवर तसं चिन्ह हवं, कारण तिला जास्त ताकदीचा लेझर लागतो. ब्लू-रे एम-डिस्क मात्र साध्या ब्लू-रे राइटरवरही लिहिली जाते. ब्लू-रेमधलाच 'एलटीएच' लिहिलेला स्वस्त प्रकार जतनासाठी घेऊ नका, तो पुन्हा रंगद्रव्याचाच.

डिस्क उभ्या, कडक डबीत, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको. चिकटवायचं स्टिकर लावू नका, फिरताना तोल जातो. आणि डिस्क हीच एकमेव प्रत ठेवू नका, दुसरी प्रत हार्ड डिस्कवर हवीच. सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये कोऱ्या ब्लू-रेंचं उत्पादन थांबवलं. पुढे कोऱ्या डिस्क सहज मिळतीलच हे धरून चालू नका.

१७. कोर्टात किंवा पोलिसांत द्यायच्या डिस्कसाठी वेगळं काही?

डिस्क की पेन ड्राइव्ह, आणि किती प्रती, हे वकिलांना विचारा. तांत्रिक बाजू एवढीच: एकदाच लिहिता येणारी डिस्क घ्या, आरडब्ल्यू नको, आणि ती फायनलाइज करा (११ पाहा). १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे लागणाऱ्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत (फाइलवरून निघणारा, फाइल बदलली की बदलणारा आकडा) भरावी लागते. ती मूळ फाइलवरून काढा आणि डिस्कवरच्या प्रतीवरून पुन्हा काढून जुळते का बघा. मूळ मोबाइल फॉरमॅट करू नका.

१८. एक्स्टर्नल राइटर थेट टीव्हीला किंवा मोबाइलला लावला तर?

टीव्हीच्या यूएसबी पोर्टला बहुतेक वेळा नाही. टीव्ही तिथे पेन ड्राइव्ह ओळखतो, डिस्क ड्राइव्ह नाही. मोबाइलचंही साधारण तेच. टीव्हीसाठी डीव्हीडी प्लेयर घ्या.

१९. विकत कुठून घेऊ? ठाण्यात मिळतो की लॅमिंग्टन रोडच गाठावा?

साध्या यूएसबी डीव्हीडी राइटरसाठी एवढ्या लांब जायची गरज नाही. ठाण्यात नौपाडा-गोखले रोड आणि वाशीत सेक्टर १७ या भागांतल्या कॉम्प्युटर दुकानांत आधी फोन करून विचारा, शेल्फवर नसला तरी मागवून देतात. आयडीई ड्राइव्ह, विशिष्ट जाडीचा लॅपटॉप ड्राइव्ह किंवा ब्लू-रे राइटर हवा असेल तर लॅमिंग्टन रोड. दादरला पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात.

जुना ड्राइव्ह घेत असाल तर दुकानातच एक सीडी आणि एक डीव्हीडी लिहून बघा. नुसतं वाचून दाखवलं तर ऐकू नका, कारण लिहिणारा लेझर आधी दमतो आणि वाचन त्यानंतरही बरेच दिवस चालू राहतं. कोऱ्या डिस्कचं पाकीटही बघून घ्या. नोएडाची मोझर बेअर कंपनी २०१८मध्ये अवसायनात गेली, तेव्हा तिच्या नावाचं सीलबंद पाकीट मिळालं तर तो जुना साठा असू शकतो. पन्नासचा डबा उचलण्याआधी दोन सुट्या डिस्क लिहून पाहा.

२०. जुन्या, बंद पडलेल्या राइटरचं काय करू?

ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, तो ई-कचरा आहे. नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे किंवा सोसायटीत ई-कचरा गोळा करायला येतात त्यांच्याकडे द्या. देण्याआधी ट्रेमध्ये डिस्क राहिली नाही ना ते बघा. वीज नसतानाही ट्रे उघडतो: पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप घालून हलकेच दाबा.